लावणी करणाऱ्या हातांपर्यंत

चारसूत्री पद्धतीने भात लावायचा तर एका एकरात साधारण एक लाख चूड बसतात. पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर असं आलटूनपालटून अंतर ठेवायचं, एका चुडात दोन-तीनच रोपं धरायची, ती उथळ लावायची आणि जवळ आलेल्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. एकराला अशा पंचवीस हजार गोळ्या लागतात. कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी ही पद्धत बसवली आणि कोकणात ती गेली कित्येक वर्षं सांगितली जाते. महाड-पोलादपूरमध्ये वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा पावसात वरून फेकलेला युरिया पाण्याबरोबर वाहून जातो, काही हवेत उडून जातो. चिखलात खोल बसलेली गोळी मात्र मुळांजवळ राहते आणि सावकाश विरघळते. खत कमी लागतं, उतारा वाढतो.

हे सगळं अवलंबून कशावर आहे? कमरेतून वाकून, अंगावर पाऊस झेलत, डाव्या हातात तरव्याची मूठ धरून उजव्या हाताने चूड रोवणाऱ्या बाईवर. अंतर तिने राखायचं, रोपं तिने मोजायची, गोळी तिने खोचायची. पण चारसूत्रीची माहिती देणारी सभा भरते तेव्हा निरोप सातबारावाल्याच्या घरी जातो. सभेला घरातला कर्ता पुरुष येतो, माहितीपत्रक घेऊन जातो, आणि लावणीच्या दिवशी बांधावर उभा राहून चार शब्दांत सांगतो, ‘जरा अंतर ठेवून लावा.’ का ठेवायचं, किती ठेवायचं, गोळी वरवर टाकली तर काय बिघडतं, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. मग काही वर्षांनी अहवालात येतं की शेतकरी नवीन तंत्र स्वीकारत नाहीत.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्याकडे शेतीचं ज्ञान जमिनीच्या कागदामागून चालतं, राबणाऱ्या हातांपर्यंत ते येतच नाही. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत याचा तोटा डोळ्यांनी दिसतो, आणि तो भरून निघाल्याचं एक फार मोठं उदाहरणही याच मातीत घडलेलं आहे.

आधी आकड्यांकडे बघू. २००१ च्या जनगणनेत देशात स्वतःची किंवा खंडाची जमीन कसणारे १२ कोटी ७३ लाख होते आणि शेतमजूर १० कोटी ६८ लाख. २०११ मध्ये चित्र उलटलं. कसणारे ११ कोटी ८८ लाखांवर आले आणि मजूर १४ कोटी ४३ लाखांवर गेले. म्हणजे तेव्हा देशात शेतीवर जगणाऱ्या माणसांत निम्म्याहून जास्त मजूर होते. अनुदान, पीकविमा आणि आता शेतकरी ओळख क्रमांक ही सगळी सातबाऱ्याला बांधलेली व्यवस्था. तिच्यातून मजूर आपोआप गळतो.

पोलादपुरात तर याला आणखी एक पदर आहे. आंबेनळी आणि कशेडी या दोन घाटांच्या मधल्या डोंगरी गावांतले पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला नोकरीला. गणपतीला, शिमग्याला येतात आणि परत जातात. उतारावरच्या वरकस जमिनीतली नाचणी-वरी असो की ओढ्याकाठचं खाचर, वर्षभर राबते ती गावात राहिलेली बाई. सातबाऱ्यावर मात्र सासऱ्याचं किंवा नवऱ्याचं नाव. स्वतःच्या घरच्या शेतात ती कागदोपत्री कोणीच नाही आणि शेजारच्या शेतात मजूर. सावडीने एकमेकींच्या शेतावर जाण्याची रीत अजून काही गावांत टिकून आहे, त्यामुळे लावणीतली एकच बाई एकाच आठवड्यात मालकीणही असते आणि मजूरही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेऊन घरच्या जमिनीला बाईचं नाव लावण्याचा आग्रह धरला होता. डोंगराळ कोकणात त्याची गरज आजही तितकीच आहे.

आता ते मोठं उदाहरण. १९७६ साली हिंमतराव बावस्कर नावाचे एक तरुण डॉक्टर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, गरीब शेतकरी घरातले. बिरवाडीत त्यांच्यासमोर विंचू चावलेली माणसं येऊ लागली आणि त्यांतली कितीतरी डोळ्यांदेखत मरू लागली. पुस्तकांतून विंचूदंशाची नोंद किरकोळ दुखणं अशी होती. इथं मात्र घामाने निथळणारी, हातपाय गार पडलेली, ओकाऱ्या करणारी मुलं आणि तरणीताठी माणसं काही तासांत छातीत पाणी होऊन दगावत होती.

हा तांबडा विंचू. दिसायला लहान, रंगाने लालसर. मोठी काळी इंगळी बघून माणूस घाबरतो, पण इंगळीच्या दंशाने वेदना खूप होतात, जीव सहसा जात नाही. तांबड्या विंचवाचं विष मज्जातंतूंवर चालतं. त्यामुळे ताणाच्या वेळी रक्तात उतरणारी संप्रेरकं एकदम प्रचंड प्रमाणात सुटतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य भार येतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून नोंदी केल्या. ओकारी, दरदरून घाम, गार हातपाय, पुरुषांमध्ये जननेंद्रियाचा ताठरपणा ही पुढच्या संकटाची आगाऊ सूचना आहे, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगासमोर मांडलं. पुढे रक्तदाबावर वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं, स्वस्त, तोंडाने घ्यायचं औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि १९८६ मध्ये त्याचेही निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासोबत त्यांनी प्राझोसिन आणि प्रतिविष यांचा तौलनिक अभ्यास केला, तो २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. पूर्वी गंभीर दंश झालेल्या शंभरांतले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

ही कथा बहुतेक वेळा एका डॉक्टरच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण विंचू कोणाला चावतो याकडे पाहा. भाताचे भारे उचलणाऱ्याला, पेंढा ओढणाऱ्याला, शेणी काढायला गेलेल्या बाईला, दगडी बांध दुरुस्त करणाऱ्या मजुराला, रात्री जमिनीवर निजलेल्या त्याच्या पोराला. विंचूदंश हा महाडच्या शेतमजुराच्या कामातला धोका आहे. कारखान्यात असा धोका असता तर त्याला औद्योगिक अपघात म्हटलं असतं, भिंतीवर सूचना लावली असती, नोंदवही ठेवली असती. शेतात त्याला नशीब म्हणतात.

प्राझोसिनची गोळी कितीही गुणकारी असली तरी माणूस वेळेत दवाखान्यात पोचला तरच तिचा उपयोग. पहिले काही तास मांत्रिकाकडे, झाडपाल्यात गेले तर विज्ञान हातावर हात ठेवून बसतं. म्हणून बावस्करांनी संशोधनाच्या बरोबरीने सांगण्याचं काम केलं. प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टरांना उपचार शिकवला, लोकांना सांगत राहिले की विंचू चावल्यावर घाम फुटला, ओकारी आली की थांबू नका. घामाचा अर्थ वाडीतल्या बाईला कळला म्हणून पोरं वाचली. शेतमजुराला शिकवण्याने काय होतं याचा पुरावा मागणाऱ्यांनी दूर कुठे जायची गरज नाही, तो महाड तालुक्यात मिळतो.

हेच सापांच्या बाबतीत करायचं राहिलं आहे. देशभरच्या मृत्यूंचा माग काढणाऱ्या एका मोठ्या अभ्यासाने २०२० मध्ये दाखवलं की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे नेमके लावणी-बेणणीच्या दिवसांतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला आहे, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात ठरलं आहे. पण आराखडा दिल्लीत असतो आणि फुरसं बांधावरच्या दगडाखाली. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये, हातपाय हलवू न देता थेट प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यावं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि खूण दिसतही नाही, म्हणून पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या तर सापाचा संशय घ्यावा. एवढं मजुराच्या घरातल्या प्रत्येकाला पाठ असलं पाहिजे. लेप्टोस्पायरोसिसचंही, म्हणजे लेप्टोचंही, तसंच. उंदराच्या लघवीतून जंतू खाचरातल्या पाण्यात येतात आणि पायाच्या चिरांतून शरीरात शिरतात. ताप येतो, पोटऱ्या ठणकतात. दिवसभर चिखलात उभी राहिलेली बाई म्हणते, ‘कामानं अंग धरलंय,’ आणि दोन दिवस अंगावर काढते. तेवढ्यात काविळीची, मूत्रपिंडाची गुंतागुंत होऊ शकते. तिला इतकंच माहीत हवं की लावणीच्या हंगामातला ताप अंगावर काढायचा नाही आणि डॉक्टरला न चुकता सांगायचं, मी खाचरात काम करते.

२२ जुलै २०२१ ची संध्याकाळ महाड विसरणार नाही. तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, पोलादपुरातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही डोंगर आला. इशारा हाही शेतमजुरापर्यंत पोचायला हवा असा निरोपच आहे. तो मोबाइलवर येतो. विजेची सूचना देणारं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲपही मोबाइलवरच चालतं. पण लावणीतल्या बाईचा मोबाइल, असलाच तर, पावसात भिजेल म्हणून घरी असतो, नाहीतर नवऱ्यापाशी मुंबईत. दहा बायकांच्या टोळीत एकीकडे प्लास्टिकच्या पिशवीत फोन ठेवायचा, आणि ढग गडगडले की झाडाखाली न जाता घर गाठायचं, इतकी साधी शिस्त मालकाने घालून दिली तरी पुष्कळ.

महाडबद्दल लिहिताना एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद तयार होता. तरी तीन वर्षं त्या पाण्याला कोणाला हात लावता आला नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले तेव्हा तो ठराव खरा झाला, आणि त्यानंतरही मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. ज्या परिषदेतून ही माणसं तळ्यावर गेली तिच्यासाठी रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांचे सोबती गावोगाव फिरले होते. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस असे मित्र सोबत होते. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसांपर्यंत निरोप पायी चालत गेला. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना वतनाची गुलामी सोडून जमीन कसायला सांगितलं होतं, हे फारसं आठवलं जात नाही.

जमीन मात्र खोताची होती. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात खोतीच्या जाचाविरुद्ध नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं संप केला. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करणारं विधेयक मांडलं, १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. खोती कायद्याने संपली ती १९४९ मध्ये, कूळ कायदा आला, पुष्कळ कुळांना जमिनी मिळाल्या. ज्यांचं नाव कूळ म्हणूनही कधी लागलं नव्हतं ते तिथंच राहिले. त्यांत सगळ्यात मागे राहिला कातकरी.

रायगडची कातकरवाडी बहुधा गावाच्या कडेला, डोंगराच्या उतारावर, आणि वाडीखालची जमीनही दुसऱ्याची. महाराष्ट्रात ज्या तीन समूहांची नोंद आदिम जमात म्हणून झाली त्यांतला कातकरी एक, बाकीचे कोलाम आणि माडिया गोंड. इंग्रजांच्या काळात नाचणी-वरीसाठी दिलेल्या दळी जमिनींचा प्रश्न पुढे वनहक्क कायद्यापर्यंत भिजत पडला. माणगाव परिसरातून काम करणारं उल्का महाजन यांचं सर्वहारा जन आंदोलन आणि जिल्ह्यातल्या इतर संघटनांनी या जमिनींसाठी वर्षानुवर्षं झगडा दिला, तेव्हा काहींच्या हातात कागद आला.

कातकरी कुटुंबाचं वर्ष कसं जातं हे पाहिलं तर प्रशिक्षण का चुकतं ते कळतं. पावसाळ्यात ती माणसं वाडीत असतात, गावातल्या लावणीला, बेणणीला, कापणीला जातात. भात झोडून झालं, दिवाळी उलटली की वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मुकादम येतो, उचल देतो, आणि कुटुंबं पोराबाळांसह निघून जातात ती पुढचा पाऊस तोंडावर आला की परततात. आणि आपले प्रशिक्षण वर्ग कधी होतात? बहुतेक हिवाळ्यात, मार्चअखेरच्या आत, निधी खर्ची पडायचा असतो तेव्हा. ज्यांना शिकवायचं ती माणसं त्या वेळी जिल्ह्याबाहेरसुद्धा असू शकतात. कातकऱ्यांना शिकायची इच्छा नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी ही दिनदर्शिका बघावी.

उचलीपायी कामाला बांधून घेणं हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. स्त्री-पुरुषांना समान कामाला समान मजुरी, हा कायदाही १९७६ मध्येच झाला. शेतमजुरीला किमान वेतन लागू झालं १९४८ च्या कायद्याने. चवदार तळ्याच्या ठरावासारखेच हे कागद आहेत, आणि ते खरे व्हायचे तर कोणीतरी ते वाडीत जाऊन समजावून सांगितलं पाहिजे. त्यात हिशेबाचं शिक्षण सगळ्यात आधी हवं. भट्टीवर मजुरी दर हजार विटांमागे ठरते. किती उचल घेतली, किती हजार विटा पाडल्या, आठवड्याच्या खर्चाला किती घेतलं, हे मुकादमाच्या वहीत असतं. हीच नोंद कातकरी बाईच्या स्वतःच्या वहीत असेल, अक्षर येत नसेल तर रेघा मारून असेल, तर हंगामाच्या शेवटी ‘अजून फिटलं नाही’ असं तिला सहज सांगता येणार नाही.

शिकवायचं कसं, याचं उत्तर जगाने भातशेतीतच शोधलेलं आहे. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुडे थैमान घालत होते. जितकी फवारणी वाढली तितके तुडतुडे वाढले, कारण औषधाने त्यांना खाणारे कोळी आधी मरत. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या मदतीने शेतातल्या शाळा सुरू झाल्या. पंचवीसेक माणसांचा गट दर आठवड्याला एका शेतात जमायचा, रोपं बघायचा, किडे मोजायचा, मोठ्या कागदावर रोपाचं चित्र काढून एका बाजूला शत्रू किडे आणि दुसऱ्या बाजूला मित्र किडे रंगवायचा आणि फवारायचं की नाही हे स्वतः ठरवायचा. लिहिता-वाचता न येणारी माणसं चित्र काढून वाद घालत. आपल्या कृषी विभागाच्या शेतीशाळा याच वळणाच्या आहेत, महिलांच्या वेगळ्या शेतीशाळाही होतात. पद्धत चांगली आहे. तिच्या हजेरीपटावर मजुराचं नाव नाही, एवढीच उणीव, पण ती मोठी आहे.

फवारणीचंच घ्या. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून रंगांची ही खूण ठरवली गेली. पण खुणेचा अर्थ फवारणाऱ्याला सांगितला जात नाही. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, त्यांत शेतकऱ्यांबरोबर शेतमजूर होते. कोकणात फवारणी कमी, म्हणून आपण निर्धास्त आहोत. पण चित्र बदलतं आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस टेक्निकमध्ये चिखलणी आणि लावणी दोन्ही टळतात. गादीवाफ्यावर साच्याने भोकं पाडून थेट बी टोकतात, आणि तण आवरायला तणनाशक वापरलं जातं. कंबर मोडणारी लावणी टळते, याचा मला आनंद आहे. पण लावणी हीच जिची पावसाळ्यातली कमाई, तिचं काय, आणि तणनाशकाचा पंप कोणाच्या पाठीवर येणार? नवीन तंत्र गावात येताना या दोन प्रश्नांची चर्चा मजुरांना समोर बसवून झाली पाहिजे. साचा चालवणं, टोकणी, पंप सुरक्षितपणे वापरणं हे त्यांना शिकवलं तर जुनं काम गेलं तरी नवं कुशल काम त्यांच्याच हातात राहील आणि त्याचा दरही वाढवून मागता येईल.

शिकवणारं माणूसही जवळचं हवं. उमेद अभियानातल्या कृषी सखी बचत गटांतूनच येतात, त्या बाईला बाईच्या बोलीत सांगू शकतात. कातकरवाडीत कातकरी घरातलीच तरुणी उभी राहिली तर आणखी उत्तम, कारण कातकऱ्यांची बोली वेगळी आहे आणि साहेबापुढे ती माणसं मान खाली घालून ‘हो’ म्हणतात. ‘हो’ म्हणजे समजलं असं धरून चालणाऱ्या प्रशिक्षकाने काहीच शिकवलेलं नसतं. लावणीची खुणा केलेली दोरी दोन बायकांच्या हातात द्या, एक गुंठा त्यांच्याकडून लावून घ्या. एका गुंठ्यात अडीच हजार चूड आणि सव्वासहाशे गोळ्या. तेवढ्यात शंका विचारून होतात, हात बसतो, आणि त्या दोघी पुढच्या शेतावर दहा जणींना दाखवतात. त्यांच्याकडूनही ऐकायला हवं. कोणत्या खाचरात पाणी लवकर ओसरतं, कुठला तरवा कोवळा आहे, कोणत्या बांधाला खेकड्यांनी पोखरलंय, हे वर्षभर शेतात असणाऱ्या बाईला मालकापेक्षा जास्त ठाऊक असतं.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘वैभव’ नावाचा दातेरी विळा केला. वजनाला हलका, पुन्हा पुन्हा धार लावायला नको. अशी अवजारं मजुराच्या श्रमाचा विचार करून होतात, पण विकत घेताना मालक घेतो आणि मजूर बाई स्वतःचा जुना कोयताच घेऊन येते. रोहा तालुक्यात किल्ला इथं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथून महाड-पोलादपूरच्या मजूर गटांना अशी अवजारं थेट मिळाली तर अनुदानाचा खरा उपयोग होईल.

शेत हे कामाचं ठिकाण आहे, हे मान्य केलं की बाकीच्या गोष्टी त्यामागून येतात. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात कामावर पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचार पेटी आणि सहा वर्षांखालची पाच मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई अशी तरतूद होती. त्याआधी वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्राने रोजगार हमी उभी केली, तिच्या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या. सरकारी मातीकामावर जे देता येतं ते खासगी खाचरावर का देता येऊ नये? बांधावर स्वच्छ पाण्याची कळशी, आणि ती सगळ्यांसाठी एकच. चवदार तळ्याच्या तालुक्यात याहून कमी चालणार नाही. बाईला आडोसा. तान्ह्या पोराला झोळी बांधायला पावसात न भिजणारी जागा. आणि बाईची मजुरी पुरुषाइतकी. लावणी हे बायकांचं हलकं काम, असा समज असणाऱ्याने एक दिवस लावणीला उभं राहून बघावं.

मजुरांनी एकत्र येण्याचा प्रश्नही आहेच. ग्रामीण श्रमिकांच्या संघटनांना मान्यता देणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७५ चा करार भारताने १९७७ मध्येच स्वीकारला. तरी आपल्या गावात मजुरांचा गट म्हटलं की अजून कपाळाला आठ्या पडतात. वास्तविक मुंबईला गेलेल्या मुलांमुळे मनुष्यबळ कमी पडतं आहे, खाचरं ओस पडत चालली आहेत. ठरलेल्या दराने, ठरलेल्या दिवशी, शिकलेल्या बायकांची टोळी येत असेल तर ती मालकाच्याही सोयीची आहे.

म्हणून महाड आणि पोलादपूरच्या पंचायत समित्यांना, कृषी सहायकांना आणि शेतमालकांना माझी विनंती आहे. रोहिणी आणि मृगाच्या दरम्यान, भट्ट्यांवरून माणसं परतलेली असतील आणि लावणीला अवकाश असेल, तेव्हा प्रत्येक गावात आणि प्रत्येक कातकरवाडीत एक दिवस शेतात वर्ग घ्या. सकाळी दोरी, चूड, गोळी आणि डब्यावरचे रंग. दुपारी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून विंचू, साप आणि लेप्टो. शेवटी मजुरीचा दर आणि हिशेबाची वही. बोलावताना सातबारा बघू नका, गेल्या वर्षी लावणीला कोण कोण होतं ते बघा आणि त्यांनाच बोलवा. हातावर पोट असलेली बाई एक दिवसाची मजुरी बुडवून शिकायला येऊ शकत नाही, म्हणून त्या दिवसाची पूर्ण मजुरी तिला द्या.